बोडीचा तळ

एखादी गोष्ट धुरपताबाईच्या मनाने घेतली, की मग ब्रह्मदेव जरी समोर येऊन उभा राहिला तरी ती मागे फिरायची नाही. हे पळसटोलीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिच्या नवऱ्याला, बकारामला, तर अंगाची हळद निघायच्या आतच कळलं होतं. बरं, बाई बावळट असती तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं. पण तिचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर निघायचं. कुठली गाय कधी विणार, कोणत्या म्हशीला कोणता चारा सोसत नाही, तूप कढवताना आच कधी ओढायची, सगळं तिला बसल्या जागी उमगायचं. म्हणूनच त्या चैत्रात ती बोडी खणायला निघाली तेव्हा तिला कुणी अडवलं नाही. आणि अडवलं असतं तरी ती कुठे ऐकणार होती म्हणा.

मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, जाऊन तेव्हा दुसरं साल चाललं होतं. पाऊस पोळ्यापर्यंत बरा पडला आणि मग जो रुसला तो दिवाळी झाली तरी परतला नाही. धान निम्मा पोचट निघाला. पण पळसटोलीचं पोट नुसत्या धानावर कधी नव्हतंच. प्रतापगडाच्या डोंगराकडे तोंड करून बसलेली ती टोली, जमीन सगळी मुरमाड, धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, बोटावर मोजण्याएवढ्या. टोली जगायची ती ढोरांवर. तूप गोंदियाच्या बाजारात जायचं, गोऱ्हे मोठे करून विकायचे, शेण खत म्हणून बांधीत पडायचं. माणूस एकवेळ मोहफुलं उकडून दिवस काढील. ढोराला मात्र पाणी पाहिजे, भरपूर पाहिजे, आणि रोज पाहिजे.

ते पाणी होतं बोडीत. बोडी म्हणजे लहानसा तलाव, डोंगरातून येणाऱ्या ओहळाला आडवी मातीची पाळ घालून केलेला. कुणी केला, कधी केला, कुणालाच सांगता यायचं नाही. धानाला देऊन झालं की तळाशी जे उरायचं ते ढोरांचं पाणी. त्यात कुणी लुगडं धुवायचं नाही, कुणी जाळं टाकायचं नाही, बांधी डोळ्यांदेखत वाळली तरी तिकडे वळवायचं नाही. मालगुजार होता तेव्हाही असंच होतं आणि तो गेल्यावरही तसंच राहिलं. आणखी एक रिवाज होता. उन्हाळ्यात बोडीतला गाळ ज्याला हवा त्याने काढून आपल्या बांधीत न्यायचा, पण कुदळ खण्णकन वाजली की हात थांबवायचा. का थांबायचं ते कुणी कुणाला विचारलं नव्हतं. बापाला थांबताना पाहिलं होतं म्हणून लेक थांबायचा.

त्या साली चैत्रातच बोडीची रया गेली. पाणी मधोमध पसरून राहिलं होतं, धड घोटाभरही नाही, आणि दुपारी हात घातला तर चटका बसायचा. ढोरं प्यायला आत शिरत तो चिखलात रुतत. धुरपताबाईची चांदी नावाची म्हैस गाभण होती. आईने माहेराहून एक वगार दिली होती, तिच्याच वंशातली ही म्हैस, आणि गोठ्यातल्या साऱ्या म्हशींत बाईचा हिच्यावर जीव. एक दिवस चांदी रुतली ती रुतलीच. पोटाखालून दोर घालून, शेपटी पिरगाळून, टोलीतल्या गड्यांनी तिला ओढून काढली. बाहेर आल्यावर ती नुसती थरथर कापत उभी राहिली. धुरपताबाईने तिच्या कुशीवरचा चिखल हाताने निपटून काढला, आणि तिथंच तिच्या मनाने घेतलं.

तिचं म्हणणं सरळ होतं. पाणी पसरट आहे म्हणून ऊन ते पिऊन टाकतं. त्याच पाण्याला एक खोल खड्डा करून दिला तर वरचं थोडं आटेल, खालचं गार राहील. काठाला दगड टाकले की ढोर रुतायचंही नाही. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. टोलीची सगळी ढोरं रानात नेणारा कवडू गायकी तेवढा कुरकुरला, की असं याच्याआधी कुणी केलं नाही. त्यावर, याच्याआधी कुणाची म्हैस रुतलीच नव्हती का, असं तिने विचारलं, आणि कवडू विडी पेटवायला बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी नवराबायको कामाला लागली. बकाराम कुदळ मारायचा, ती पाटी भरून पाळीवर नेऊन टाकायची. वरचा गाळ काळा, मऊ, हाताला थंड लागणारा. तो निघाला आणि कुदळ वाजली. बकारामने कपाळाचा घाम पुसला, कुदळ खांद्यावर टाकली आणि रिवाजाप्रमाणे वर यायला लागला.

“कायले आलात जी वर?”

“वाजली ना वो कुदळ.”

“वाजली तं वाजली. एवढ्याशा खड्ड्यात का चिमण्या पाणी पिणार आहेत? मारा अजून.”

त्याने मारली. आता माती निघत नव्हती, ढेपा निघत होत्या, आणि त्याही सहजी नाही. दगड बरा असं म्हणायची पाळी आली. बकारामच्या तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. धुरपताबाईने एक ढेप पाटीत टाकायला उचलली तर ती मधोमध उकलली. आत खूर उमटलेला होता. गाईचा खूर, दोन्ही फाका स्वच्छ, जणू सकाळीच कुणी तिथून गेलं असावं. तिने दुसरी ढेप फोडली. तिच्यातही खूर, आणि त्याच्या शेजारी एक लहान, वासराचा. ती खड्ड्यात उतरली आणि कापलेल्या कडेवर हात फिरवत पाहू लागली. थरावर थर होते, आणि एकेका थरात दाबलेले खूरच खूर. सासऱ्याच्या ढोरांचे, त्याच्या बापाच्या ढोरांचे, त्याच्याही आधीचे. ती ढोरं केव्हाच मातीत गेली, त्यांना हाका घालणारी माणसं गेली, त्या माणसांची नावं घेणारंही कुणी उरलं नाही, आणि पावलं तेवढी इथे जिथल्या तिथे राहिली. तिने त्या ढेपेला हात जोडले. आणि हात जोडून झाल्यावर, काय सांगावं आता, तिने ती ढेप पाटीत घातली आणि पाटी डोक्यावर घेतली.

बकारामने पुन्हा एकदा थांबायची गोष्ट काढून पाहिली. ती म्हणाली, आपल्याच ढोरांचे खूर आहेत, आपल्याच ढोरांसाठी खणतो आहोत, कुणाचं चोरून नेत नाही. तिच्या बोलण्यात चूक कुठे होती? तो बिचारा पुन्हा कुदळ मारू लागला.

लाल मुरूम लागला तेव्हा दिवस कलला होता. धुरपताबाईने पायाने चिखलाची कड फोडली आणि पाणी खड्ड्यात उतरलं. आधी गढूळ, मग हळूहळू निवळत गेलं. तिने कोपरापर्यंत हात घातला, खालचं पाणी गार होतं. चांदी दगडावर उभी राहून, पाय न रुतता, पोट फुगेस्तोवर प्याली. टोली पाहायला जमली होती. शेजारची मंदाबाई, जी कुणाला चांगलं म्हणेल तर तिचं तोंड दुखेल, तीसुद्धा म्हणाली की बाईला डोकं आहे. धुरपताबाई त्या संध्याकाळी चुलीपुढे बसून स्वतःशीच हसत होती, आणि बकाराम फुटलेल्या हाताला खोबरेल लावत तिच्याकडे कौतुकाने पाहत होता.

सकाळी कवडू दारात येऊन उभा राहिला. एरवी ढोरं सोडा म्हणून आरोळी ठोकणारा माणूस, आज नुसता उभा. “बोडीवर चला वयनी,” एवढंच म्हणाला.

बोडीत पाणी नव्हतं. थोडं कमी झालं होतं असं नाही, नव्हतंच. खड्ड्याच्या तळाशी मासोळ्या तडफडत होत्या आणि बगळे त्यांना निवांत टिपत होते. बकाराम खाली उतरला, मुरमाला कान लावून वाकून बसला. खालून आवाज येत होता, बारीक, सुर्र सुर्र असा. “जाऊन राहिलं अजून,” तो म्हणाला. धुरपताबाईनेही कान लावला. वैशाखभर सारी ढोरं प्याली असती तरी पुरलं असतं एवढं पाणी भुई एका रात्रीत प्याली होती, आणि तरी तिची तहान भागली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तिला भुईची भीती वाटली. ज्या कठीण थराला ती आडवा आलेला दगड समजत होती, तोच बोडीचा तळ होता. पिढ्यानपिढ्या ढोरांनी तुडवून तुडवून घातलेला, आणि तिने तो एका दिवसात फोडून पाळीवर नेऊन टाकला होता.

टोलीत कुणी तिला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. विहिरीवर ती गेली की बाया आपापली भांडी उचलून बाजूला सरकत. तिची बादली भरेपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही. पाठ फिरली की मागे कुजबुज सुरू. विहीर टोलीपुरती, तळाला जेमतेम झरा, माणसांनाच कसंबसं पुरायचं. कवडू धडधाकट ढोरं घेऊन उजाडायच्या आत दूर रानातल्या नाल्याकडे जायचा. वाळू उकरून झिरा काढायचा, त्यात गंजाने, म्हणजे पातेल्याने, पाणी काढून एकेका ढोरापुढे धरायचा. लहान वासरं, गाभण गाई-म्हशी, म्हाताऱ्या गाई यांना तेवढं चालवत नव्हतं. त्या गोठ्यात राहिल्या. त्यांच्या वाट्याला धुण्याभांड्याचं उरलेलं पाणी यायचं. मंदाबाईची कपिली गाय म्हातारी होती. ती एका दुपारी बोडीच्या काठावर गेली, कोरडा तळ हुंगला आणि तिथंच खाली बसली. उठवता उठेना.

त्या संध्याकाळी पारावर माणसं जमली, आणि मनातली गोष्ट अखेर बिसराम म्हाताऱ्याच्या तोंडून बाहेर पडली. आता गाय मेली तर ती तहानेने मेली असं म्हणता येणार नाही, तो म्हणाला. ती धुरपताबाईच्या हातून मेली. गोहत्या लागेल.

गोहत्या म्हणजे काय, ते तिथे कुणाला सांगावं लागत नव्हतं. ज्याच्या हातून गाय मेली त्याने गळ्यात गाईचं दावं बांधायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही, गावोगाव दारात उभं राहून गाईसारखं हंबरायचं आणि कुणी जे टाकील ते खायचं. त्याच्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही. त्याची सावली दिसली तरी लोक लेकरं आत घ्यायचे. धुरपताबाईने लहानपणी माहेरी असा एक माणूस दारात हंबरताना पाहिला होता, आणि त्या रात्री तिला ताप भरला होता.

बकाराम उठून उभा राहिला. सगळ्या जन्मात तो चारचौघांत कधी बोलला नसेल. “कुदळ माह्या हातात होती,” तो म्हणाला. “लागन तं मले लागन.”

“हात तुमचा होता, पण लावला कोणं?” मागून धुरपताबाई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून घरी निघून गेली. बकाराम तिच्यामागून गेला. दोघं अंगणात बसून राहिली, जेवण कुणी वाढलं नाही आणि कुणी मागितलंही नाही.

सकाळी बकाराम उठून पाहतो तर बाईने गोठ्याच्या खुंटीवरचं दावं काढून गळ्यात घातलं होतं, गाठसुद्धा मारली होती. ती म्हणाली, वरटोल्याला जाते. वरटोला म्हणजे डोंगराच्या उतारावरचं पवारांचं गाव. त्यांचे वाडवडील कधीकाळी माळव्यातून आलेले, हिशोबाला पक्के आणि पाण्याला त्याहून पक्के. त्यांचा तलाव मोठा होता, बोडीच्याच ओहळावर वरच्या अंगाला, आणि या साली त्यातही पाणी राखूनच वापरत होते. मालगुजार असता तर त्याच्या पायावर डोकं ठेवलं असतं, त्याने एक शब्द टाकला असता आणि पाणी सुटलं असतं. आता शब्द टाकणारंच कुणी राहिलं नव्हतं. बकारामने खांद्यावर पंचा टाकला आणि तो चार पावलं मागून चालू लागला. वाटेत भेटणारी माणसं दावं बघून रस्ता सोडून उभी राहायची. बाई मान खाली घालून चालत होती, आणि जिने कधी मान खाली घातली नव्हती तिला तसं चालताना मागून बघणं बकारामला सोसत नव्हतं. तो डोळे पुसत पुसत चालला.

वरटोल्याचा कारभार पाहणारे तुलसीराम पटेल ओसरीवर बसले होते. अंगणात दावं घातलेली बाई पाहून ते एकदम उभे राहिले. घरातल्या बाया दाराआड जमल्या. गोहत्येच्या माणसाने बोलायचं नसतं, म्हणून पटेलांनी बकारामकडे पाहून विचारलं, “गाय मर गई क्या?”

बकारामच्या आधी धुरपताबाई बोलली. “मेली नाही जी. मरायच्या आधी आली मी. मेल्यावर दावं घालून हिंडलं तं गाय थोडीच उठून बसते?”

अंगणात सगळे थक्क झाले. असं कुणी कधी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. पाप घडायच्या आधीच त्याचं दावं गळ्यात घालून कुणी दारात येऊन उभं राहतं का कधी? मग तिने सगळं सांगितलं. बोडी कशी खणली, बकाराम थांबत असताना कशी खणायला लावली, खूर कसे दिसले आणि तरी कशी थांबली नाही. स्वतःची एकही बाजू घेतली नाही. पटेल ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी हात पसरले. तलाव आता सरकारचा आहे, ते म्हणाले, मी देणारा कोण?

“सरकारले तहान नाही लागत जी,” धुरपताबाई म्हणाली.

तेवढ्यात पटेलांची बायको शांतीबाई दाराआडून बाहेर आली. ती आपल्या पवारी बोलीत नवऱ्याला काहीतरी म्हणाली, सरळ धुरपताबाईजवळ गेली आणि तिच्या गळ्यातल्या दाव्याची गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती. शांतीबाईने ती दातांनी सोडवली. मग गावची जाणती माणसं बोलावली गेली, बराच वेळ आपसात वाद चालला, आणि ठरलं ते पटेलांनी सांगितलं. तलावाचं तुडुम, म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं ते भोक, एक दिवस उघडू. त्याआधी तुम्ही तुमचा तळ बुजवा. पाणी थांबलं तर तुमचं, गेलं तर गेलं. पुन्हा मागायला यायचं नाही, कारण आमचीही ढोरं आहेत.

आता तळ बुजवायचा म्हणजे काय ते पळसटोलीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. धान रोवायच्या आधी बांधीत चिखल करतात, तसाच चिखल करायचा. पाळीवर फेकलेल्या ढेपा परत आणून फोडायच्या, भिजवायच्या आणि तुडवायच्या, दगड होईपर्यंत. पण चिखलाला पाणी लागतं. पाणी असतं तर चिखल करायची वेळच कशाला आली असती? धुरपताबाई घरी आली, घागर घेतली आणि विहिरीवर गेली. आपल्या घरच्या वाट्याचं पाणी तिने काढलं, बोडीत नेऊन फोडलेल्या मातीवर ओतलं. माती ते प्याली, आणि जरा ओलावली इतकंच. ती पुन्हा विहिरीवर गेली. तेव्हा मंदाबाई तिथे भरली घागर कमरेवर घेऊन उभी होती.

“तुह्यासाठी नाही,” मंदाबाई म्हणाली. “माह्या कपिलीसाठी नेऊन राहिली.” आणि तरातरा बोडीकडे चालू लागली.

तिच्यामागून बाकीच्या निघाल्या. कुणी हसलं नाही, कुणी धुरपताबाईशी गोड बोललं नाही. पण त्या दिवसापासून टोलीतल्या प्रत्येक घराने पिण्यातलं एक वेळचं पाणी राखलं आणि ते बोडीत टाकलं. पोरांना तहान लागली की आया त्यांना चिंच चोखायला द्यायच्या. धुरपताबाई ते पाहायची. रांगेने येणाऱ्या त्या घागरी बघून तिला हात जोडावेसे वाटायचे, पण हात घमेल्यात गुंतलेले असायचे.

कवडूने ढोरांची पात धरली. खळ्यावर धान चुरताना बैल एकमेकांना गळ्याशी बांधून गोल फिरवतात, तशीच. फक्त इथे बैल, गाई, हल्ये म्हणजे रेडे, झिऱ्यावरून परत आलेली सगळी ढोरं. चिखलाचा वास येताच ती वेडी व्हायची, जीभ काढून ओली माती चाटायला वाकायची, म्हणून सगळ्यांच्या तोंडाला मुसकी बांधली होती. तहानेलं ढोर, पायाखाली ओल, आणि तोंड बांधलेलं. कवडूला ते बघवत नव्हतं. तो त्यांना शिव्या द्यायचा, मग त्यांच्या मानेवर हात फिरवायचा, मग पुन्हा हाकायचा. माती आधी पायाला चिकटायची, मग पसरायची, मग दबायची. बकाराम मागून ढेपा टाकायचा, बाया पाणी शिंपायच्या, आणि ढोरं गोल गोल फिरायची, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. असे कितीतरी दिवस गेले. कपिली काठावर बसून बघत होती. मंदाबाई तिच्या जिभेवर ओलं फडकं पिळायची.

एके दुपारी धुरपताबाईने पात थांबवायला लावली. ती खड्डा होता त्या जागी उतरली. खड्डा आता कुठे होता ते कळतही नव्हतं. वर सगळीकडे खूर उमटले होते, ताजे, तिच्या डोळ्यांदेखत उमटलेले, आणि ऊन लागून त्यांच्या कडा कठीण होत चालल्या होत्या. ती खाली बसली आणि बराच वेळ त्या पावलांकडे बघत राहिली. ही जिती ढोरं, मुसक्या बांधलेली, पायाखाली आपल्या नातवंडांचं पाणी घालून ठेवत होती आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. आणि धुरपताबाई कोण होती तिथे? पाटी वाहणारी बाई. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही मोठं असं काहीतरी वाटलं, ज्याला तिच्याजवळ शब्द नव्हता. मग तिने बकारामला हाक मारून कुदळीच्या दांड्याने जमीन ठोकायला सांगितली. जमीन वाजली.

तुडुम उघडायच्या दिवशी सगळी टोली ओहळाच्या काठाने उभी होती. आधी वाळलेली पानं सरकत आली, मग फेस, मग मुंग्यांनी भरलेल्या काटक्या, आणि त्यांच्यामागून पाणी, बोटभर उंचीचं, जमीन चाचपत येणारं. म्हातारी माणसं चप्पल काढून बाजूला झाली. ते बोडीत शिरलं तेव्हा तळातून बुडबुडे उठायला लागले. चिरचिर आवाज झाला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, कुणीतरी देवाचं नाव घेतलं. धुरपताबाई पाळीवरून खाली आली, पाण्यात उभी राहिली आणि डोळे मिटून घेतले. तो सुर्र सुर्र आवाज पुन्हा येतो की काय, यासाठी तिने सगळा जीव कानात आणला होता. बुडबुडे बराच वेळ येत राहिले. मग कमी झाले. मग थांबले, आणि पाणी तिच्या घोट्यावरून वर चढू लागलं.

संध्याकाळी वरून येणारी धार बंद झाली. पाणी होतं तिथं काठाला बकारामने काडी खोवली. रात्र कुणाची कशी गेली ते विचारू नका. उजाडलं तशी सगळी टोली पुन्हा काठावर, आणि काडीच्या बुडाशी पाणी जिथल्या तिथे. कुणी ओरडलं नाही, कुणी टाळ्या पिटल्या नाहीत. प्रतापगडाचा अख्खा डोंगर त्या पाण्यात उलटा होऊन निजला होता, आणि माणसं देवळात उभी राहावीत तशी उभी होती. कपिलीला चौघांनी आधार देऊन उठवलं. ती लटपटत पाण्यापर्यंत गेली, प्याली, आणि आपल्या पायांनी मागे फिरली. मंदाबाईने नाक शिंकरून पदराला पुसलं.

मग कवडूने मुसकी सोडली. ढोरं धावत आली नाहीत, एवढ्या दिवसांच्या फसवणुकीने ती बिचकली होती. पहिल्या रांगेतल्या गाईंनी पाणी हुंगलं, थबकल्या, आणि माना खाली घातल्या. त्यांच्यामागून म्हशी आल्या, चांदी आपलं मोठं पोट सांभाळत आली, वासरं आयांच्या पायांमधून घुसली. काठाला जागा राहिली नाही. दुसरा कसलाच आवाज नव्हता, नुसता पिण्याचा. शेकडो घोटांचा एकच आवाज, खोल, संथ, थांबत नव्हता.

काठाचा ओला पट्टा उघडा पडायला लागला. मंदाबाईच्या ते आधी ध्यानात आलं. तिने घाबरून धुरपताबाईचा दंड पकडला.

“पाणी उतरलं वो, धुरपता.”

धुरपताबाईने पाहिलं. खरंच उतरलं होतं, काडीचं बूड कोरडं दिसत होतं. मग तिची नजर काडीवरून सरकत ढोरांच्या रांगेवर गेली. एकेका गळ्यातून घोट खाली उतरताना दिसत होता, एकामागून एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“पिऊन राहिले ना वो,” ती म्हणाली. “उतरणारच.”

एवढं म्हणून ती तिथंच काठाच्या चिखलात बसली, आणि शेवटचं वासरू पिऊन बाजूला होईपर्यंत उठली नाही.